डोमेननामाचा निबंधक आणि नूतनीकरणाचा खर्च

आंतरजालावरील नाव कायमचे विकत मिळत नाही. एका वेळी फार तर दहा वर्षांसाठी नोंदविता येते. महादेवपुऱ्यातील एखाद्या कारखानदारास ‘.इन’ नाव हवे असल्यास ते निक्सी या संस्थेने मान्य केलेल्या निबंधकाकडून, म्हणजे रजिस्ट्रारकडून, घ्यावे लागते. समजा, एक निबंधक पहिल्या वर्षी ९९ रुपये व पुढे दरसाल १,१०० मागतो. दुसरा प्रारंभापासून ७००. पाच वर्षांत पहिल्याचे ४,४९९ होतात, दुसऱ्याचे ३,५००. जाहिरातीत ठळक छापतात तो मात्र ९९चाच आकडा! नोंद स्वतःच्याच नावे आहे ना, हेही पाहावे. ती मध्यस्थाच्या नावे असल्यास निबंधक बदलणे त्याच्या मर्जीवर राहते. मुदत चुकली आणि सवलतीचा काळही उलटला, तर पाट्यांवर नि पावत्यांवर छापलेले ते नाव कोणीही परका घेऊ शकतो.