ज्वारीच्या पेशीतले दार

पेशीतल्या प्रथिनांच्या वाहतुकीवर लिहा, असे संपादकांनी सांगितले आणि मी परभणी गाठली. इथले कृषी विद्यापीठ १८ मे १९७२चे. ‘परभणी मोती’, ‘परभणी शक्ती’ ही ज्वारी इथूनच शेतकऱ्यांपर्यंत गेली. इतका इतिहास पुरे. मला पाहायची होती नर-वंध्य ज्वारी.

फुलोऱ्यातल्या कणसाला टिचकी मारली की शेजारच्या ओळीत पिवळे पराग उडतात. या ओळीत काहीच उडत नाही. परागकोश फिकट, सुकलेले. कणसांवर कागदी पिशव्या चढवणाऱ्या बाई एका नजरेत ओळ ओळखत होत्या. या वंध्यत्वाचे मूळ मायटोकॉन्ड्रियात, म्हणून ते आईकडूनच येते. ज्वारीतले असे आईकडून येणारे वंध्यत्व स्टीफन्स आणि हॉलंड या संशोधकांनी १९५४ साली मांडले; त्याच जोरावर भारताची पहिली संकरित ज्वारी, सीएसएच-१, १९६४ साली आली.

शेतकऱ्याच्या रानात मात्र हाच संकर दाण्यांनी भरतो. नर वाणाकडून आलेले जनुक केंद्रकात असते, त्याचे प्रथिन पेशीद्रवात बनते आणि मायटोकॉन्ड्रियात शिरून पराग परत आणते. शिरते कसे? तिथे दार आहे, आणि मला भुरळ पडली ती त्या दाराची.

मायटोकॉन्ड्रिया हा मुळात स्वतंत्र जिवाणू. त्याची बहुतेक जनुके केंद्रकात गेली, त्यामुळे आज हजारभर प्रथिने बाहेरून आत घ्यावी लागतात. बऱ्याच प्रथिनांच्या टोकाला धनभारित तुकडा असतो, तीच त्यांची ओळख. ही ओळख मिळणे फार कठीण नसावे: १९८७ साली बेकर आणि शात्झ यांनी ओळख काढून टाकलेल्या एका प्रथिनाच्या जनुकाला ई. कोलाय जिवाणूच्या डीएनएचे वाट्टेल ते तुकडे जोडून पाहिले, तर शंभरातले दोन-तीन यीस्टमध्ये चालले! दारही जुन्याच सामानातून घडले. २००९ साली कॉलोबॅक्टर जिवाणूत मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या दाराच्या भागांचे नातलग सापडले, पण एकत्र नव्हे, वेगवेगळ्या जागी. पानांना हिरवे करणाऱ्या हरितलवकालाही बाहेर आणि आत अशी दारे आहेत; त्याच्या बाहेरच्या दारातले टॉक७५ हेही जिवाणूंच्याच ओएमपी८५ कुळातले.

घोडे अडते हरितलवकाच्या आतल्या दारापाशी. २०१३ साली जपानी संशोधकांनी मोहरीच्या कुळातल्या अ‍ॅराबिडॉप्सिसमध्ये त्या दाराचा एक मोठा घटक दाखवला, टिक२१४. त्याचे जनुक हरितलवकातच असते. पुढे क्लॅमिडोमोनास शेवाळातल्या दाराची रचना दिसली, तिच्यातही टिक२१४ होते. गवतकुळात, म्हणजे भात, गहू, ज्वारीत, ते जनुक हरवले आहे. तरीही ज्वारीचे पान हिरवेगार असते, प्रकाशसंश्लेषणातल्या रुबिस्को या प्रथिनाचा लहान घटक बाहेरून हरितलवकात जातच असतो. गवतांनी टिक२१४च्या जागी काय बसवले, याचे सर्वमान्य उत्तर अजून नाही. आपल्या ताटातले बहुतेक धान्य याच कुळातले आहे, म्हणून हा प्रश्न मला जास्तच टोचतो.

ज्वारीचे वाण, रान आणि पिशव्या बांधणारे सरावलेले हात परभणीत आहेत. तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने पीएचडीसाठी हा विषय घ्यावा.