तळ्याकाठचे पक्षी आणि खिशातला कॅमेरा

पुणे शहराच्या पश्चिमेस रामनदीचे पाणी अडवून केलेला पाषाण तलाव आहे. त्याच्या भोवती आता उंच इमारती उभ्या आहेत. सांडपाण्याने आणि जलपर्णीने त्याचे पाणीही पुष्कळ बिघडले आहे. तथापि पक्ष्यांनी त्याचा त्याग केलेला नाही. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी सकाळी तेथे फिरावयास जाऊ लागलो, तेव्हा प्रथम लक्ष गेले ते हळदी-कुंकू बदकाकडे. त्याच्या काळ्या चोचीच्या टोकास हळद माखलेली असते आणि चोचीच्या मुळाशी कुंकवाचे दोन ठिपके असतात. ज्या कोणी हे नाव ठेवले, त्याची नजर आपण घ्यावी अशीच होती!

ते कुंकू छायाचित्रात उमटावे, म्हणून मी खिशातला मोबाइल काढला. उमटला तो पाण्यावरचा एक करडा डाग. मुलांनो, असे का व्हावे? मोबाइलचे भिंग लहानसे असते व ते समोरचा फार मोठा प्रदेश एकदम पाहते. त्या विस्तारात ३०-४० पावलांवरचे बदक म्हणजे अंगणात पडलेला हरभऱ्याचा दाणा! पडद्यावर दोन बोटे फाकवली की बदक मोठे दिसते खरे. पण बहुधा चित्राचा मधला तुकडाच काय तो ताणला जातो. फुग्यावर लिहिलेले अक्षर फुगा फुगवल्याने मोठे होते आणि पुसटही होते, तसाच हा प्रकार. काही मोबाइलांत दूरचे पाहणारे निराळे भिंग असते. त्यांची गोष्ट वेगळी. ते नसेल, तर दुर्बिणीच्या ज्या भिंगास आपण डोळा लावतो, त्यास मोबाइलचे भिंग नीट टेकवून पाहावे. हात स्थिर राखणे कठीण जाते. परंतु मला ते कुंकू मिळाले ते याच युक्तीने.

सूर्य आपल्या पाठीशी असावा. तो समोर असला, तर पक्ष्याची नुसती काळी आकृती हाती येते. बगळ्याची अडचण याच्या उलट. भोवतीचे गडद पाणी पाहून मोबाइल सारेच चित्र उजळू पाहतो आणि पांढरा बगळा कागदाच्या कातरणासारखा सपाट होतो. अशा वेळी पडद्यावरील बगळ्यावर बोट टेकवून उजेड थोडा कमी करावा, म्हणजे पिसांच्या कडा दिसू लागतात. कवड्या खंड्या पाण्यावर एकाच जागी पंख फडफडवीत राहतो आणि एकाएकी सूर मारतो. त्याची चित्रे ओळीने अनेक घ्यावी लागतात व त्यांतील बहुतेक टाकाऊ निघतात, हे आधीच सांगून ठेवतो.

परंतु सर्वांत मोठा मोह जवळ जाण्याचा. तो मलाही आवरला नाही. एका पावसाळ्यात काठच्या पाणगवतात टिबुकलीचे तरंगते घरटे दिसले. घरटे सोडताना टिबुकली अंड्यांवर ओले शेवाळ आणि गवत पसरते. त्यामुळे ती कावळ्यांच्या नजरेस पडत नाहीत. मी चिखलातून इतक्या घाईने पुढे गेलो, की तिला तेवढाही अवकाश मिळाला नाही. ती बुडी मारून नाहीशी झाली. अंड्यांचे चित्र मात्र मला उत्तम मिळाले. मी काठावर परत येतो न येतो, तोच दोन कावळे घरट्यावर उतरले. ते चित्र मी कोणासही दाखविलेले नाही.

आता मी एका बाभळीच्या बुंध्याशी बसतो, कोपरे गुडघ्यांवर टेकवतो, मोबाइलचा आवाज बंद करतो आणि वाट पाहतो. पक्षी चरणे सोडून, मान ताठ करून आपणांकडे पाहू लागला, म्हणजे तो उडण्याच्या बेतात आहे असे समजावे व हळूच मागे सरावे. घरी आल्यावर पक्ष्याचे नाव, तारीख, वेळ व संख्या वहीत लिहितो. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीचा २०२३ सालचा अहवाल हजारो हौशी निरीक्षकांच्या अशाच नोंदींवरून तयार झाला. कित्येक मोबाइल छायाचित्राबरोबर स्थळाचीही नोंद करून ठेवतात. घरट्याच्या बाबतीत ती सोय मी बंद ठेवतो.