घरट्यातील पंधरा दिवस

शिरूर घोड नदीच्या काठी वसले आहे, तर दौंड भीमेच्या. दोन्ही गावे बाजारपेठेची. येथील दुकानांच्या पाटीमागे, शटरच्या पेटीत किंवा पत्र्याच्या वळचणीला चिमणी घरटे करते. दुकानदार तिला हुसकावत नाही. उलट ओट्यावर मूठभर दाणे आणि पाण्याचे भांडे ठेवतो. ही रीत भूषणावह आहे. मात्र घरट्यातील पिल्लाची गरज दाण्यापाण्याहून निराळी असते.

चिमणीचे पिल्लू जन्मतः पिसांविना व मिटल्या डोळ्यांचे असते. स्वतःची ऊब त्याला राखता येत नाही. चिमणी दाणे टिपणारी असली, तरी पिल्लांना आरंभी मुख्यतः अळ्या व किडेच भरवते. अंडी उबवण्यास सुमारे बारा दिवस लागतात आणि पिल्ले उडण्यास आणखी सुमारे पंधरा.

खाली पडलेले पिल्लू दिसताच दयाळू माणूस त्याला दूध पाजतो, चोचीत पाणी सोडतो. ते पाणी श्वासनलिकेत जाऊन पिल्लू दगावते. माणसाचा स्पर्श झाला की पक्षी पिल्लाला टाकतात, ही समजूतही खरी नाही. उघडे पिल्लू अलगद उचलून घरट्यात ठेवावे. पिसे आलेले, टुणटुण उड्या मारणारे पिल्लू असेल, तर कुत्र्या-मांजरांपासून त्याला आडोसा द्यावा व दूर व्हावे. आई-बाप जवळच असतात. पिल्लू जखमी असल्यास वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर कळवावे.

नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा दिवस जागतिक चिमणी दिन म्हणून पाळला जातो. परंतु दुकानाची रंगरंगोटी किंवा पाटी बदलण्याचे काम वर्षात केव्हाही निघते. त्या वेळी आधी पाटीमागे डोकावून पाहावे आणि घरट्यात अंडी वा पिल्ले असल्यास काम महिनाभर पुढे ढकलावे. शटरच्या पेटीची फट घरटे होण्यापूर्वीच बुजवावी व शेजारी लाकडी खोका टांगावा.

व्यापारी ओळखीच्या गिऱ्हाइकाला महिन्याची उधारी सहज देतो. तेवढीच मुदत या पिल्लांना हवी असते. जीवदयेला जयणेची, म्हणजे जाणतेपणाने बाळगलेल्या सावधगिरीची जोड मिळाली, तरच ती पिल्लापर्यंत पोहोचते.