दारावरची फुली

मोठ्या यशाचे श्रेय ध्येयनिष्ठेला देण्याची आपल्याकडे रीत आहे. निवृत्तीनंतर विद्यार्थ्यांपुढे बोलण्याची निमंत्रणे येतात, तेव्हा आयोजकांना माझ्याकडूनही तेच ऐकायचे असते. मीही बोलतो, पण मनात एक शंका उरतेच. तीन दशकांहून अधिक काळच्या सेवेत ध्येय नसलेली एकही सरकारी मोहीम मी पाहिली नाही. प्रत्येक परिपत्रकाच्या पहिल्या परिच्छेदात एखादे उदात्त ध्येय असतेच. तरीही काही मोहिमा तडीस जातात, काही फसतात आणि काही आकड्यांत यशस्वी होऊन माणसांत फसतात. हा फरक कशाने पडतो, ते मला उत्तर भारतातील दोन मोहिमांनी शिकवले. एक मी इतिहास म्हणून वाचली होती. दुसरीत मी स्वतः होतो.

पहिली मोहीम आणीबाणीतील कुटुंबनियोजनाची. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. केवळ आकडा पाहिला तर प्रशासनाने एवढ्या वेगाने काम क्वचितच केले असेल. दारिद्र्यनिर्मूलनासाठी लोकसंख्येला आळा घालणे हे तिचे ध्येय होते आणि दिल्लीत ते मनापासून मानणारे लोकही होते. पण हे ध्येय राज्य, जिल्हा, तालुका अशा पायऱ्या उतरत गावच्या शिक्षकापर्यंत आले तेव्हा त्यातला हेतू गळून गेला होता. उरली होती फक्त संख्या. अमुक इतकी माणसे आणा, नाहीतर वेतन थांबेल. सक्तीच्या या कहाण्या पुढे शाह आयोगाने नोंदवल्या. मार्च १९७७ च्या निवडणुकीत उत्तर प्रदेशातील लोकसभेच्या ८५ पैकी एकही जागा काँग्रेसला मिळाली नाही. पण खरी किंमत याहून मोठी होती. सरकारी माणूस औषध घेऊन दारात आला की त्याच्या मनात काहीतरी काळेबेरे असणार, ही शंका गरीब वस्त्यांत घर करून राहिली.

ती शंका मला पंचवीस-तीस वर्षांनी भेटली. पश्चिम उत्तर प्रदेशातील एका जिल्ह्यात तेव्हा माझ्याकडे प्रशासकीय जबाबदारी होती आणि पल्स पोलिओच्या फेऱ्यांवर फेऱ्या सुरू होत्या. या थेंबांनी मुले पुढे निपुत्रिक होतील, अशी अफवा अनेक मोहल्ल्यांत पसरली होती. दारे बंद होत. आधी नाली साफ करा, मग थेंब पाजा, असेही लोक सुनावत. आणि त्यात चूक काहीच नव्हते.

लसीकरणाची पद्धत साधी होती. थेंब पाजलेल्या बालकाच्या डाव्या करंगळीला शाई लावायची. घरातील सर्व बालकांना थेंब मिळाले असतील तर भिंतीवर खडूने इंग्रजी ‘पी’ अक्षर लिहायचे. एक जरी मूल सुटले असेल तर फुली मारायची. त्या फुलीच्या घरी दुसरे पथक पुन्हा जात असे.

एका संध्याकाळी आढावा बैठकीत एका पर्यवेक्षकाच्या तक्त्यात एकही फुली नव्हती. दुसरीच्या तक्त्यात एकोणीस होत्या. मी पहिल्याचे सर्वांदेखत कौतुक केले आणि दुसरीला, एका अंगणवाडी सेविकेला, खडसावले. ती खाली मान घालून एवढेच म्हणाली, “साहेब, नाही पाजले तर पाजले असे कसे लिहू?” दुसऱ्या दिवशी सर्वेक्षणाचे काम पाहणारा एक तरुण डॉक्टर मला दोन्ही मोहल्ल्यांत घेऊन गेला. पहिल्या मोहल्ल्यात भिंतीभिंतीवर ‘पी’ होते आणि अंगणात कोऱ्या करंगळ्यांची मुले खेळत होती. एकोणीस फुल्यांच्या मोहल्ल्यात तक्ता आणि भिंत तंतोतंत जुळत होती. कोणत्या घरी आजीला समजवायचे आणि कुठले मूल वीटभट्टीवर गेले आहे, हे त्या बाईंना तोंडपाठ होते. मी त्यांची क्षमा मागितली. पण त्या आदल्या संध्याकाळी, नकळत का होईना, मी १९७६ चाच अधिकारी झालो होतो.

पोलिओ मोहिमेचे बळ मला तेव्हा कळले. तिच्या रचनेतच अपयशाची नोंद करायला जागा होती. नव्हे, ती नोंद हेच काम होते. पंधरा वर्षांखालील कोणत्याही मुलाचा हातपाय अचानक लुळा पडला, तर त्याच्या शौचाचा नमुना प्रयोगशाळेत जाई. मुंबईत २००१ पासून सांडपाण्याचे नमुने तपासले जात. रुग्ण दिसत नसला तरी विषाणू शोधला जाई. वाईट बातमी दडवण्याऐवजी ती शोधून आणणारी सरकारी यंत्रणा मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

या शोधातूनच पुढचा मार्ग दिसला. रोग पुन्हा पुन्हा जिथून उसळत होता, असे उत्तर प्रदेशातील ६६ आणि बिहारमधील ४१ असे १०७ विकासखंड निश्चित झाले. तेथे थेंबांच्या जोडीला स्वच्छता, स्तनपान आणि अतिसारावरील उपचार यांकडेही लक्ष दिले गेले. कोसीच्या पूरक्षेत्रात पथके होडीने जात. मशिदींतून आवाहने झाली. वस्तीतल्याच स्त्रिया घरोघर बोलू लागल्या. नालीबद्दलचा तो जुना टोमणा अखेर कोणीतरी ऐकला होता. मूल निरोगी राहावे हा हेतू, थेंब पाजणे हे त्याचे साधन, एवढा विवेक त्यात होता.

२००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण होते, जगातील कोणत्याही देशापेक्षा जास्त. २०१० मध्ये ते ४२ वर आले. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात आढळला. २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर केला. हे केवळ ध्येयनिष्ठेने घडले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. २०१० मध्ये आलेली द्विगुणी लस, भरघोस निधी आणि सर्व पक्षांच्या सरकारांचे सातत्य यांचाही त्यात वाटा आहे. नियमित लसीकरणाची मोहिमेपायी ओढाताण झाली, हा आक्षेपही खोटा नाही. पण लस आणि पैसा त्या कोऱ्या करंगळ्यांपर्यंत पोहोचला, तो कोणीतरी फुली मारण्याचे धाडस केले म्हणून.

आज प्रत्येक योजनेचा आकडा संगणकाच्या पडद्यावर रोज झळकतो. जिल्ह्यांची क्रमवारी लागते. मी लक्ष्यांच्या विरोधात नाही. लक्ष्याशिवाय सरकारी गाडा हलत नाही, हे मला ठाऊक आहे. पण लक्ष्य वरून सांगता येते, हेतू मात्र खालच्या माणसाच्या हातात शाबूत राहावा लागतो. क्षयरोगाच्या निर्मूलनासाठी आपण २०२५ हे वर्ष ठरवले होते, जगाच्या पाच वर्षे आधी. ते उद्दिष्ट हुकले. अशा वेळी दोन वाटा असतात. एक, नवी तारीख जाहीर करून आकड्यांसाठी तगादा लावणे. दुसरी, अधिक रुग्ण शोधून काढणाऱ्या तालुक्याला जाब न विचारता त्याची पाठ थोपटणे.

म्हणून जिल्ह्यात नव्याने रुजू होणाऱ्या तरुण अधिकाऱ्यांनी मला सल्ला विचारला, तर मी ध्येयावर भाषण देत नाही. मी एवढेच सांगतो, की आढावा बैठकीत ज्याच्या तक्त्यात एकही फुली नाही त्याच्या वस्तीत आधी जा, आणि जिच्या तक्त्यात एकोणीस आहेत तिला बसायला खुर्ची द्या.