‘माझा आवाज जास्त होतोय का?’

प्रेझेंटेशन तुम्ही रात्रभर जागून बनवलंय. आकडे तुमचे, स्लाइड्स तुमच्या. बोलणार मात्र बॉस, आणि टाळ्याही त्यालाच. तुमचं नाव? शेवटच्या स्लाइडवर, बारीक अक्षरात. झालंय ना असं? मग जेराल्ड मूर यांना भेटाच.

मूर पियानिस्ट. जन्म १८९९चा, इंग्लंडमधल्या वॉटफर्डचा. पोरवयातच घरचे कॅनडाला गेले. टोरांटोत मूरनी चक्क सिनेमा थिएटरात ऑर्गन वाजवायची नोकरी केली. पुढे लंडनला परतले आणि साथीला बसायला लागले. जॉन कोट्स या गायकाच्या हाताखाली ते हे काम अक्षरशः घासून शिकले.

साथ करणं सोपं? छे! गायक श्वास कुठे घेणार, हे त्याच्याआधी तुम्हाला कळायला हवं. त्याला आज वरचा सूर जड जातोय? मग अख्खं गाणं खालच्या पट्टीत वाजवायचं, म्हणजे बोटांचा सगळा हिशेब नव्यानं. शूबर्टचं ‘एर्लकोनिग’ घ्या. गोष्ट गायक सांगतो, पण अंधारात उधळलेला घोडा असतो पियानिस्टच्या उजव्या हातात. तोच सूर सप्तकाच्या अंतरानं ठोकत राहायचा. मनगट भरून येतं, तरी गायकाचा आवाज दबता कामा नये!

एवढं करून साथीदार म्हणजे दुय्यम, अशीच समजूत. मूरना ती मान्य नव्हती. साथीदार असण्याची लाज कसली, असा रोखठोक सूर त्यांनी १९४३ सालच्या आपल्या पुस्तकाच्या नावातच लावला. ते बोलले, लिहीत राहिले, तरुणांचे मास्टरक्लास घेतले. शालियापिन, कसाल्स, कॅथलीन फेरिअर अशा बड्या मंडळींना त्यांनी साथ केली. १९६२ साली आत्मचरित्र आलं. त्याचं नाव, ‘माझा आवाज जास्त होतोय का?’ अशा अर्थाचं. साथीदाराचा रोजचा प्रश्न!

आजही फक्त सोलो मैफलींवर घर चालवणारे पियानिस्ट थोडेच. बाकीचे सकाळी शिकवण्या घेतात, दुपारी कुणाच्या तरी तालमीला बसतात आणि जमेल तेव्हा स्वतःची मैफल करतात. पण साथ हा आता नाइलाजाचा प्लॅन बी राहिलेला नाही. न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्डमध्ये त्याचा स्वतंत्र विभाग आहे. डेझिग्नेशनही बदललंय : ‘कोलॅबरेटिव्ह पियानिस्ट’. बिझनेस कार्डवर शोभेल, नाही?

फेब्रुवारी १९६७. लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये मूर यांची निरोपाची मैफल. गायला कोण? श्वार्झकोफ, व्हिक्टोरिया दे लोस आंखेलेस आणि फिशर-डीस्काऊ. तीन दिग्गज, आणि निमित्त साथीदाराचं! शेवटी मूर एकटेच पियानोशी बसले आणि त्यांनी शूबर्टचं ‘आन दी म्यूझिक’ वाजवलं. संगीताचे आभार मानणारं हे गाणं. त्या दिवशी ते गायला कुणीच नव्हतं.

स्टेज सोडलं, पण पियानो सुटला नाही. त्यानंतरही फिशर-डीस्काऊंसोबत शूबर्टच्या गाण्यांचं रेकॉर्डिंग चालूच राहिलं. गाणी किती? ४००हून जास्त.

तेव्हा पुढच्या प्रेझेंटेशनला नाव बारीक अक्षरात आलं तर खट्टू होऊ नका. फक्त काम असं करा, की तुम्ही रजेवर गेलात तर बॉसचा सूर हललाच पाहिजे.