न जाणारा निळसर डाग

स्तनाच्या कर्करोगाचे उपचार संपून सहा-सात वर्षे लोटली, की घरातले सारेच निश्चिंत होतात. ते स्वाभाविकच आहे. मात्र ज्या भगिनींना शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार, म्हणजे आपल्या बोलीतला ‘शेक’ किंवा ‘लाइट’, दिला गेला, त्यांच्या छातीच्या त्वचेकडे पुढेही लक्ष असावे लागते.

स्तन राखून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचारामुळे रोग उलटण्याची शक्यता साधारण निम्मी होते. म्हणून तो टाळू नये. परंतु किरणांचा परिणाम त्वचेतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांवरही होतो आणि तो कधी कधी अनेक वर्षांनी दिसतो.

त्याचे तीन प्रकार ध्यानात ठेवावेत. पहिला, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल रेषा. या सर्वांत अधिक आढळतात आणि निरुपद्रवी असतात. दुसरा, त्वचेच्या रंगाच्या किंवा लालसर लहान पुटकुळ्या. हा कर्करोग नव्हे. तरीही त्या काढून तपासाव्या लागतात. तिसरा, अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तराचा कर्करोग. तो फार विरळा. किरणोपचार घेतलेल्या हजार स्त्रियांत एखादीला होतो. पण तो वेगाने वाढतो, आणि सुरुवातीला साध्या मुक्या मारासारखा दिसतो.

येथेच फसगत होते. उतारवयात त्वचा नाजूक असते, अनेकांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतात, त्यामुळे निळा डाग नवलाचा वाटत नाही. एका आजींच्या अशा डागाचा दोष मीही गोळीला दिला आणि महिनाभर थांबलो. तुकडा तपासल्यावर कळले, की तो मार नव्हता. ती चूक दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, म्हणून हे लिहीत आहे.

मुक्या माराचा डाग हिरवा-पिवळा होत दोन-तीन आठवड्यांत विरतो. जो विरत नाही, पसरतो, जाड होतो, ज्यात गाठ येते किंवा रक्त येते, तो डॉक्टरांना दाखवावा. त्यावर हळद, मलम वा शेक यांत दिवस घालवू नयेत. मॅमोग्राफी निर्धोक आली, तरी त्वचेचा तुकडा तपासल्याशिवाय शंका फिटत नाही. निदान लवकर झाले, तर शस्त्रक्रियेने तो पूर्ण काढता येण्याची शक्यता अधिक असते.

संगमनेरच्या रुग्णांचे उपचार नाशिकला, पुण्याला किंवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झालेले असतात. डाग मात्र घरी, आंघोळीच्या वेळी दिसतो. म्हणून किरणोपचाराची जुनी फाइल जपून ठेवावी. डागाशेजारी नाणे ठेवून तारखेसह छायाचित्र घ्यावे.

आजी संकोचाने सांगणार नाहीत. लेकीने, सुनेने महिन्यातून एकदा हळुवारपणे विचारावे, पाहावे. तेवढे पाहणे पुरेसे असते.