विश्लेषण : एकाच शोधावर दोनदा पेटंट मिळते का? आंजर्ल्याची पाटी, पडद्यामागचा उजेड आणि वीस वर्षांचे घड्याळ

दापोली तालुक्यातल्या आंजर्ल्याला पर्यटक मुख्यतः दोन गोष्टींसाठी येतात. एक कड्यावरचा गणपती आणि दुसरी ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले. वाळूतून वर आलेले पिल्लू उजळ क्षितिजाकडे धावते. किनाऱ्यावर माणसाचा दिवा नसेल तर ते क्षितिज समुद्राचे असते. पण मागे एखादी झगझगीत पाटी असेल तर पिल्लू उलट्या दिशेने, गावाकडे निघते.

आता समजा, गावातल्या एखाद्या तरुणीने यावर तोड काढली. मागून उजळणारी पाटी, पण आतल्या खाचा अशा कोरलेल्या की उजेड फक्त रस्त्याच्या बाजूला पडेल आणि किनारा अंधारात राहील. तिने पेटंटसाठी अर्ज केला. दोन वर्षांनी त्याच पाटीत थोडा बदल करून तिने दुसरा अर्ज केला, तर दुसरे पेटंट आणि नवी वीस वर्षे मिळतील का? ही तरुणी काल्पनिक आहे. तिच्यासमोरचा प्रश्न मात्र टीव्ही आणि मोबाइलचे पडदे बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांना रोज पडतो. त्याला ‘दुहेरी पेटंट’ म्हणतात.

पडद्यामागे नेमके काय असते?

एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. त्यातला द्रव स्फटिकांचा थर खिडकीच्या झडपेसारखा असतो. तो उजेड अडवतो किंवा जाऊ देतो. उजेड येतो मागून, म्हणून त्या व्यवस्थेला बॅकलाइट म्हणतात. पूर्वी तिथे पेन्सिलीपेक्षा बारीक ट्यूबलाइट असत. आता पांढऱ्या एलईडी असतात. ‘पांढरी’ एलईडी बहुतेक वेळा आतून निळी असते. निळ्या चिपवर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा लेप असतो आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरे दिसते. याच निळ्या एलईडीसाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. कासवांच्या पिल्लांना नेमका हा निळा भाग जास्त भुलवतो. म्हणून अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या किनाऱ्यांवर 560 नॅनोमीटरपेक्षा लांब तरंगलांबीचे, म्हणजे पिवळसर-नारिंगी किंवा लाल, दिवे सुचवले जातात. याचा एक अर्थ असा की आंजर्ल्याच्या तरुणीने नुसती ‘नारिंगी दिव्याची पाटी’ असा दावा केला तर तो टिकणार नाही, कारण ती कल्पना जगाला आधीच माहीत आहे. तिचे नावीन्य खाचांच्या रचनेत हवे.

पातळ पडद्यात एलईडी मागे नसून कडेला असतात. उजेड कडेने एका पारदर्शक अॅक्रिलिक पत्र्यात शिरतो आणि आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. पत्र्याच्या मागच्या बाजूला बारीक ठिपके किंवा खाचा असतात. उजेड त्यांवर आदळला की समोरून बाहेर पडतो. एलईडीजवळ उजेड भरपूर असतो म्हणून तिथे ठिपके विरळ, आणि दूर जावे तसे दाट. त्यावर उजेड पसरवणारा थर, मग तो समोर वळवणारी लोलकासारख्या रेघांची फिल्म. दुकानांवरच्या सडपातळ उजळत्या पाट्याही याच तत्त्वावर चालतात. मोठ्या टीव्हीत आता शेकडो-हजारो छोट्या एलईडी थेट मागे बसवून त्यांचे गट वेगवेगळे मंद करतात.

ठिपक्यांचा आकार, त्यांतले अंतर, रेघांचा कोन, एलईडींचे गट, उष्णता बाहेर काढण्याची पट्टी अशा प्रत्येक गोष्टीवर पेटंट मागता येते. कंपनी एका जाड अर्जात हे सगळे वर्णन करते आणि मग त्यातून एकामागून एक अर्ज बाहेर काढते. दुहेरी पेटंटचा प्रश्न इथे सुरू होतो.

दुसऱ्या पेटंटने कोणाचे काय बिघडते?

पेटंट हा समाजाशी केलेला व्यवहार आहे. शोध सगळ्यांना समजेल असा उघड करा, त्याबदल्यात अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे दुसऱ्यांना तो वापरण्यापासून रोखा, नंतर तो सगळ्यांचा. त्याच शोधाला शब्द बदलून दुसरे पेटंट मिळाले आणि त्याचे घड्याळ उशिरा सुरू झाले, तर व्यवहारातली ‘नंतर सगळ्यांचा’ ही अट गळून पडते.

नक्कल दोन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात दोन्ही अर्जांतले दावे शब्दशः तेच असतात. ती ओळखणे सोपे. दुसरा प्रकार बेरकी. पहिल्या अर्जात ‘कडेला एलईडी आणि मागे ठिपके असलेला पत्रा’, तर दुसऱ्यात ‘कडेला एलईडी, मागे ठिपके आणि त्यामागे पांढरा परावर्तक कागद असलेला पत्रा’. कागदावर फरक आहे, पण पाट्या बनवणारा कोणताही कारागीर तो पांढरा कागद न सांगता लावतो. शिवाय एक पेटंट एकाला आणि दुसरे दुसऱ्याला विकले, तर त्याच वस्तूसाठी उत्पादकाच्या दारात दोन वसुलीवाले उभे राहतात.

अमेरिकेत हा प्रश्न चिघळला त्याला जुना कायदा कारण होता. 8 जून 1995 पूर्वीच्या अर्जांवर पेटंटची मुदत मंजुरीपासून 17 वर्षे मोजली जाई. म्हणजे अर्ज जितका रेंगाळेल तितके पेटंट उशिरापर्यंत जिवंत. नंतर मुदत अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे झाली आणि एका कुटुंबातली पेटंटे साधारण एकाच दिवशी संपू लागली. पण कार्यालयाच्या विलंबाची भरपाई म्हणून काही पेटंटांना जादा दिवस मिळतात आणि भावंडांच्या तारखा पुन्हा फाकतात. ‘सेलेक्ट’ या कंपनीची चार पेटंटे अशाच जादा दिवसांमुळे अडचणीत आली. ती छोट्या उपकरणांतल्या कॅमेरा सेन्सरची होती, पडद्याची नव्हती, पण गोची तीच. सॅमसंगच्या मागणीवरून त्यांची फेरतपासणी झाली आणि ऑगस्ट 2023 मध्ये फेडरल सर्किट न्यायालयाने चारही पेटंटांचे संबंधित दावे अवैध ठरवणारा निर्णय कायम केला. अशा वेळी सुटकेचा अमेरिकी मार्ग म्हणजे एक लेखी हमी: दुसरे पेटंट पहिल्यासोबतच संपेल आणि दोन्ही एकाच मालकाकडे राहतील. सेलेक्टने ती वेळेत दिली नव्हती. युरोपीय पेटंट कार्यालयाच्या विस्तारित अपील मंडळानेही जून 2021 मध्ये नेस्लेच्या प्रकरणात दुहेरी पेटंटला मनाई असल्याचे स्पष्ट केले.

भारतात कायदा काय म्हणतो?

पेटंट कायदा, 1970 मध्ये ‘दुहेरी पेटंट’ हा शब्दप्रयोग नाही. पण त्याची बंदी निरनिराळ्या कलमांत विखुरलेली आहे. कलम 46 सांगते की एक पेटंट एकाच शोधासाठी असेल. कलम 13 नुसार परीक्षक पाहतो की हाच दावा आधीच्या तारखेच्या दुसऱ्या भारतीय अर्जात कोणी केला आहे का. तो ‘कोणी’ म्हणजे स्वतः अर्जदारही असू शकतो, हे अनेकांच्या लक्षात येत नाही.

एका अर्जात खरोखरच दोन शोध असतील तर कलम 16 खाली मूळ अर्ज मंजूर होण्याआधी त्याचे विभाजन करता येते. विभाजित अर्जाला मूळ अर्जाचीच तारीख मिळते, म्हणून त्याची 20 वर्षेही त्याच दिवशी संपतात. एका अर्जातला दावा दुसऱ्यात येणार नाही, याची खातरजमा नियंत्रकाने करायची असते. विभाजन कधी करता येईल यावर बराच वाद होता. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने ऑक्टोबर 2023 मध्ये सिंजेंटा प्रकरणात सांगितले की एकाहून अधिक शोध मूळ अर्जाच्या वर्णनात असले तरी पुरे, ते दाव्यांतच असायला हवेत असे नाही. पडदे बनवणाऱ्या कंपन्यांना हा मोठा दिलासा होता, कारण त्यांच्या वर्णनात पाच-सहा शोध सहज दडलेले असतात.

भारतात या विषयावरची सर्वात गाजलेली लढाई मात्र औषधावर झाली. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी. अॅस्ट्राझेनेकाकडे तिच्याशी संबंधित दोन भारतीय पेटंटे होती. पहिले रेणूंच्या एका मोठ्या गटाचे, ते 2 ऑक्टोबर 2020 ला संपले. दुसरे नेमक्या या रेणूचे, ते मे 2023 पर्यंत चालणार होते. पहिले संपताच इंटाससह अनेक भारतीय कंपन्या स्वस्त गोळ्या घेऊन बाजारात उतरायला निघाल्या. अॅस्ट्राझेनेका दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि म्हणाली, या गोळीने आमची दोन्ही पेटंटे मोडली. हेच वाक्य तिला भोवले. एक गोळी दोन्ही पेटंटे मोडत असेल, तर शोध पहिल्या पेटंटातच आला होता, असे न्यायालयाला प्रथमदर्शनी दिसले. एका शोधाला एकच पेटंट, या तत्त्वावर जुलै 2021 मध्ये खंडपीठानेही अंतरिम मनाई नाकारली. तोवर या कंपन्यांना गोळ्या विकायची मोकळीक मिळाली होती. मधुमेहाची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते, त्यामुळे अडीच वर्षांचा हा फरक रुग्णाच्या खिशाला रोज जाणवणारा होता. गटाचे पेटंट आणि त्यातल्या एकाचे पेटंट हा वाद बॅकलाइटलाही लागू पडतो: ‘कोणत्याही आकाराच्या खाचा’ आधी मागायच्या आणि ‘त्रिकोणी खाचा’ नंतर.

आंजर्ल्याच्या अर्जाचे वेळापत्रक

आता पुन्हा त्या पाटीकडे. तरुणीने जानेवारी 2026 मध्ये पूर्ण तपशिलासह अर्ज केला असे धरू. पेटंट मिळाले तर ते जानेवारी 2046 पर्यंत चालेल. 18 महिन्यांनी, म्हणजे जुलै 2027 च्या सुमारास, अर्ज प्रसिद्ध होईल.

जानेवारी 2028 मध्ये तिने ‘तीच खाच, पण पाटीला पावसाळी झाकण’ असा दुसरा अर्ज केला, तर तिचाच पहिला अर्ज तिच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभा राहील. तो सहा महिन्यांपूर्वी जगजाहीर झालेला आहे. कोकणातल्या पावसात पाटीला झाकण लावणे यात कल्पकता कसली, असे परीक्षक विचारणार. दुसरा अर्ज प्रसिद्धीपूर्वी केला, तरी दावा तोच असेल तर कलम 13 आडवे येईल.

तिच्यासाठी भारतीय कायद्यात एक प्रामाणिक वाट आहे आणि ती फारशी चर्चेत नसते. कलम 54 खाली मुख्य शोधाच्या सुधारणेसाठी पुरवणी पेटंट मिळते. सुधारणा नवी हवी, पण मुख्य शोधाच्या तुलनेत ती फार कल्पक नाही एवढ्याच कारणावरून ते नाकारता येत नाही. वेगळे नूतनीकरण शुल्कही पडत नाही. मोबदल्यात अट एकच: पुरवणी पेटंट मुख्य पेटंटासोबत जानेवारी 2046 लाच संपणार. आधी स्वतंत्र पेटंट घेतलेल्या सुधारणेलाही मालकाच्या विनंतीवरून पुरवणीत बदलता येते. अमेरिकेतल्या त्या हमीपत्राचे काम आपल्याकडे हे कलम बऱ्याच अंशी करते. सुधारणा खरोखर वेगळी असेल, उदाहरणार्थ पिल्ले बाहेर येताच वाळूतली हालचाल टिपून पाटी आपोआप नारिंगी होत असेल, तर मात्र तिने स्वतंत्र अर्ज करावा. त्याला स्वतःची 20 वर्षे मिळू शकतात.

अर्ज करण्याआधी रील टाकले तर?

इथे लहान शोधकांचे सर्वाधिक नुकसान होते. पाटी तयार झाली, रात्री छान दिसली, इन्स्टाग्रामवर खाचांसकट रील गेले, आणि अर्ज तीन महिन्यांनी. रीलमधून शोध समजत असेल तर नावीन्य संपले. कायद्यातली 12 महिन्यांची सवलत सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने किंवा विद्वत्सभेत वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरती आहे. समाजमाध्यम त्यात बसत नाही. शोधाच्या स्वरूपामुळे चाचणी उघड्यावरच करणे भाग असेल, तर कलम 32 एक वर्षाची मर्यादित मुभा देते. किनाऱ्यावर पाटी लावून पाहणे त्यात बसू शकते, पण त्याचा व्हिडिओ फिरवणे ही वेगळी गोष्ट.

घाई असेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख पकडता येते, पूर्ण तपशील 12 महिन्यांत द्यायचा. महाराष्ट्रातल्या रहिवाशाचे अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या हद्दीत येतात. ते अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन होतो, त्यासाठी दापोलीहून गाडी पकडावी लागत नाही. व्यक्तीसाठी ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क 1,600 रुपये आहे, त्यात 30 पाने आणि 10 दावे बसतात. परीक्षणाची विनंती वेगळी करावी लागते, तिचे 4,000 रुपये. ती विसरली तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते, आणि मार्च 2024 च्या नियमबदलानंतर तिची मुदत 48 वरून 31 महिन्यांवर आली आहे. अर्जदारांत एक जरी स्त्री असेल तर जलद परीक्षण मागता येते. व्यक्तीसाठी त्याचे शुल्क 8,000 रुपये आहे.